मोगरा फुलत नाही? आधी खताची पिशवी बाजूला ठेवा

गॅलरीतला जुना मोगरा रुसला की बहुतेकांची पहिली धाव खताकडे. चहाचा चोथा, ताक, केळीच्या सालींचं पाणी, आणि हल्ली तर कुठल्याही दुखण्यावर एप्सम सॉल्ट. चार-पाच वर्षं कुंडी बदललेली नसेल, तर यातलं काहीही उपयोगी पडत नाही. मुळं धड पाणीच घेत नाहीत, तिथं खत काय घेणार? उलट कोरड्या मुळांवर जास्त खत पडलं की पानांच्या कडा जळतात.

झाड जिवंत आहे का ते आधी बघा. फांदीची साल नखाने खरवडा. आत हिरवी ओल दिसली तर ठीक, नाहीतर खाली खाली खरवडत बुंध्यापर्यंत या. तिथं हिरवं असलं तरी पुरे, मोगरा फुटतो.

मग पाणी. घातल्या घातल्या खालून भळाभळा बाहेर येत असेल, तर खूश होऊ नका. माती आक्रसून कडेला फट पडलेली असते, पाणी तिथूनच निसटतं आणि मधला गोळा कोरडा ठणठणीत. अशी कुंडी बुडबुडे थांबेपर्यंत बादलीत बुडवून ठेवा. पाणी वरच साचत असेल तर तळाचं भोक मुळांनी बुजलंय.

खरं काम जानेवारीअखेर ते फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत. मोगऱ्याला कळ्या नव्या फुटीवर येतात, त्यामुळे छाटणीला घाबरायचं कारण नाही. वाळकं सगळं काढा, उरलेल्या फांद्या निम्म्यावर आणा. काप डोळ्याच्या (जिथून नवी फूट येते त्या उंचवट्याच्या) जरा वर, धारदार कात्रीने. (छाटणीआधी पाणी तोडून ताण देतात तो शेतातल्या धडधाकट झाडाला. कुंडीतलं आधीच ताणात आहे, त्याला पाणी द्या.) मुळांसकट मातीचा गोळा कुंडीबाहेर काढून बाजूची आणि तळाची इंचभर मुळं कापा. काळी, मऊ, कुजकट वासाची मुळं पूर्ण काढा.

बारा इंची कुंडीसाठी दोन भाग लाल माती, एक भाग कुजलेलं शेणखत, एक भाग जाडी वाळू, मूठभर निंबोळी पेंड. नुसती काळी माती नको, ती वाळली की तडकते आणि पुन्हा तीच फट. शेणखत हातात भुसभुशीत लागलं पाहिजे, शेणाचा वास आला तर ते कच्चं आहे. त्यातून हुमणी (मुळं खाणारी अळी) आली तर मुळं फस्त.

आठवडाभर सावलीत, मग पाच-सहा तास थेट ऊन. वरखत नवी फूट बोटभर झाल्यावरच. उत्तरेच्या गॅलरीत पानं येतील, फुलांची आशा धरू नका.

कोवळी पानं पिवळी, पण शिरा हिरव्या? ही लोहाची कमतरता. बोअरच्या जड पाण्याने मातीचा सामू (pH) वाढतो आणि मातीत असलेलं लोहही झाडाला मिळत नाही. लिटरला 5 ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) विरघळवून संध्याकाळी फवारा. एप्सम सॉल्टमध्ये मॅग्नेशियम असतं. ते कमी पडलं की जुनी, खालची पानं आधी पिवळी होतात. म्हणून चमचा उचलण्याआधी पान वरचं की खालचं, ते बघा.

जुन्या गुलाबालाही हेच सगळं लागू, पण छाटणी पाऊस सरल्यावर, ऑक्टोबरात. आणि कलमाच्या जोडाखालून आलेली जोमदार फूट दिसली की बुडापासून उपटा, ती जंगली खुंटाची, म्हणजे ज्यावर कलम बांधलं त्या खालच्या झाडाची असते.