'संख्याशास्त्र विसरा, डेटा ॲनालिस्ट व्हा': त्या फॉरवर्डमधले चार दावे

"संख्याशास्त्र विसरा, तीन महिन्यांत डेटा ॲनालिस्ट व्हा!" मुंबईतल्या पालकांच्या आणि कॉलेजच्या ग्रुपांवर असला मेसेज फिरतोय. त्यातले दावे चार: गणित लागत नाही, सरासरी काढता आली की पुरे, डेटा भरपूर असला की उत्तर चुकत नाही, आणि खाली क्लासचं घसघशीत 'सरासरी पॅकेज'.

गणित लागत नाही. निम्मं खरं. सुरुवातीला कॅल्क्युलस लागत नाही, पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषाही लागत नाही. पण दहावीच्या बीजगणितातलं सांख्यिकीचं प्रकरण, जे आपण गुणांपुरतं उरकलं, ते लागतंच. ते आणि एक्सेल घेऊन बसा.

सरासरी पुरे. मुंबईकरानं तरी असं म्हणू नये. २६ जुलै २००५ च्या प्रलयात सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, कुलाब्याला सुमारे ७४. दोन्हींची सरासरी ५०९. हिशेब बिनचूक, पण तेवढा पाऊस दोन्हीपैकी कुठेच पडला नाही! म्हणून सरासरीबरोबर आकडे किती पसरलेत तेही सांगावं लागतं. आधी किमान-कमाल बघा, मग प्रमाण विचलनाकडे वळा, म्हणजे आकडे सरासरीपासून साधारण किती लांब आहेत ते सांगणाऱ्या मापाकडे.

आणि आलेख काढल्याशिवाय पुढे जाऊ नका. संख्याशास्त्रज्ञ फ्रान्सिस अँस्कम यांनी १९७३ मध्ये आकड्यांचे चार संच मांडले. चौघांची सरासरी, विचलन, सहसंबंध (दोन गोष्टी एकमेकींबरोबर किती बदलतात त्याचं माप) जवळपास तेच. आलेखात मात्र एक संच रेषेभोवती विखुरलेला, दुसरा चक्क वक्र, आणि उरलेल्या दोन्हींत एकेक भलताच बिंदू सगळं गणित आपल्याकडे ओढणारा. नुसता कोड चालवणाऱ्याला चौघांत काही फरक दिसणार नाही.

डेटा भरपूर असला की झालं. १९३६ ची अमेरिकेतली अध्यक्षपदाची निवडणूक, रुझवेल्ट विरुद्ध लँडन. 'लिटररी डायजेस्ट' साप्ताहिकाकडे वीस लाखांवर उत्तरं आली, त्यावरून त्यांनी लँडन जिंकणार म्हणून सांगितलं. रुझवेल्टनी ४८ पैकी ४६ राज्यं घेतली. मतपत्रिका पाठवल्या होत्या त्या मुख्यतः टेलिफोन आणि मोटारींच्या यादीवरून, तेही मंदीच्या दिवसांत, म्हणजे बऱ्याचशा खात्यापित्या लोकांनाच; आणि ज्यांनी उत्तर पाठवायची तसदी घेतली ते इतरांपेक्षा वेगळे होते. जनमत चाचण्या घेणाऱ्या जॉर्ज गॅलपनं कितीतरी कमी लोकांना विचारून विजेता बरोबर सांगितला.

सरासरी पॅकेज. समजा, दहापैकी नऊ जणांना वर्षाला तीन लाख आणि एकाला तेहतीस लाख मिळाले. सरासरी सहा लाख, मध्यक (पगार चढत्या क्रमानं लावल्यावर मधोमध येणारा आकडा) तीनच. जाहिरातीत कुठला आकडा छापतील हे सांगायला नको. शिवाय ज्यांना नोकरीच लागली नाही ते या हिशेबात धरलेत का? फी भरण्याआधी क्लासकडे मध्यक मागा, आणि तो एकूण किती विद्यार्थ्यांपैकी कितींचा, तेही लेखी घ्या.