लिमिट वाढलं म्हणजे घर आवाक्यात आलं असं नाही

"दादा, होम लोनचं लिमिट वाढलंय म्हणे, आता घेऊनच टाकू का?" परवा रात्री मावसभावाचा फोन. नवरा-बायको दोघंही एचवनबीवर, म्हणजे अमेरिकेतल्या नोकरीच्या व्हिसावर, चार वर्षं इथंच न्यू जर्सीत एडिसनला भाड्यानं राहतायत. तसलेच मेसेज आपल्या ग्रुपवरही फिरतायत म्हणून त्याला जे बोललो तेच इथं लिहितोय.

बँक आपल्याला लोन देते आणि त्यातली बरीचशी लोन्स पुढं फॅनी मे नाहीतर फ्रेडी मॅक या लोन विकत घेणाऱ्या कंपन्यांना विकून पैसे मोकळे करते. या दोघी सप्टेंबर 2008 पासून सरकारच्या ताब्यात आहेत. त्या केवढ्यापर्यंतचं लोन घेणार, ते म्हणजे हे लिमिट. 2026 ला ते 8,32,750 डॉलर झालंय आणि महागड्या काउंट्यांत (काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखी) त्याच्या दीडपट, 12,49,125. आपली मिडलसेक्स काउंटी त्यातच येते. त्याच्या वर गेलात की त्याला जंबो लोन म्हणतात, मग बँक डाउन पेमेंट जास्त मागते आणि वर कित्येक महिन्यांचे हप्ते भरतील एवढे पैसे खात्यात दाखवा म्हणते.

म्हणजे लिमिट वाढल्यानं फायदा होतो, नाही कशाला म्हणू. पगार चांगला आहे पण हातात रोकड नाही अशा जोडप्याला 5 टक्के भरूनही घर मिळू शकतं. पण हे लिमिट वाढतं कशामुळं? तर घरं महागली म्हणून! 2008 च्या कायद्यानंच ते घरांच्या किमतींना बांधलंय, किमती वाढल्या की तेवढ्याच टक्क्यांनी ते वाढतं आणि किमती पडल्या तरी खाली येत नाही. आम्ही 2017 ला घर घेतलं तेव्हा याच काउंटीत ते 6,36,150 होतं, आता जवळपास दुप्पट, आणि या नऊ वर्षांत पगार दुप्पट झालेले माझ्या ओळखीत फार थोडे आहेत.

भावाला म्हटलं, कागद घे आणि मांड. 13 लाख 15 हजारांचं घर, 5 टक्के म्हणजे साधारण 66 हजार भरले, बाकी सगळं लोन. साडेसहा टक्के व्याज, 30 वर्षं. हप्ताच महिन्याला 7,900 च्या आसपास, त्यावर पीएमआय, म्हणजे लोन बुडालं तर बँकेला भरपाई देणारा विमा, कारण 20 टक्के भरले नाहीत, त्यावर घराचा इन्शुरन्स, आणि प्रॉपर्टी टॅक्स, जो न्यू जर्सीत सरासरीच वर्षाला 10 हजारांच्या वर आहे आणि एवढ्या महाग घराला त्याहून बराच जास्त पडतो. फोनवर तो बराच वेळ काही बोललाच नाही.

त्यात एजंटनं त्याला एफएचएचं, म्हणजे सरकारी हमीच्या लोनचं, लिमिटही वाढलंय असं सांगितलेलं. अरे पण 25 मे 2025 पासून एचवनबीवाल्यांना एफएचए मिळतच नाही, ग्रीन कार्ड नाहीतर सिटिझनशिप लागते! साडेतीन टक्के डाउनचा तो रस्ता आपल्या बऱ्याच पोरांना बंद झालाय आणि हे कुणी सांगत नाही याचा मला खरंच राग येतो. फॅनी-फ्रेडीचं लोन व्हिसावर मिळतं, पण नोकरी गेली तर दुसरी शोधायला नाहीतर देश सोडायला हातात 60 दिवस आणि डोक्यावर आठ-नऊ हजारांचा हप्ता, याचा विचार लोन ऑफिसर करणार नाही, तो आपणच करायचा.

माझं स्पष्ट मत आहे की घरं कमी आणि घेणारे जास्त असताना नुसतं लिमिट वाढवलं तर तो पैसा शेवटी विकणाऱ्याच्याच खिशात जातो, कारण एकाच घरावर दहा ऑफर आल्या की प्रत्येकजण मिळेल तेवढं लोन ओढून बोली वाढवतो, आम्ही पण तेव्हा तेच केलं होतं. त्यापेक्षा गावोगावी टाउनहाउस, म्हणजे एकमेकांना चिकटलेली लहान घरं, बांधायला परवानग्या द्या ना. पण तसा प्रस्ताव आला की टाउनशिपच्या, म्हणजे गावच्या कारभाराच्या, मीटिंगला विरोध करायला सगळ्यात आधी घरं असलेलेच उभे राहतात, त्यात आपलेही असतात.

भावाला सांगितलंय, हप्ता, टॅक्स, इन्शुरन्स सगळं धरून एकाच्याच पगारात बसेल तेवढंच घर बघ. शनिवारी पिस्काटवेला एक टाउनहाउस बघायला चाललोय, बरंच लहान आहे, वहिनींना किचन आवडेल की नाही माहीत नाही.