टस्कनीला नेलेल्या सायकलीच्या तक्रारीवर दुकानाकडून उत्तर

नमस्कार सर,

दोन स्टार पाहिले. तुमच्या तक्रारी तीन: इटलीला जायच्या आधी आम्ही कॅसेट (मागच्या चाकावरचा दातेरी चकत्यांचा संच), डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) आणि चेन बदलायला लावून साडेबारा हजार घेतले, तरी पहिल्याच चढाला गिअर उड्या मारायला लागले, आणि परतताना डावं पॅडल काही केल्या सुटेना. सुट्टीची एक अख्खी सकाळ तिथल्या दुकानात गेली, याचं खरंच वाईट वाटलं.

गिअरचं आधी. तुम्ही टाकलेला फोटो मोठा करून पाहिला. डिरेलरची खालची पुली चाकाकडे कललेली दिसते. म्हणजे ट्यूनिंग नाही, हँगर वाकलाय. डिरेलर ज्या अंगठ्याएवढ्या अॅल्युमिनियमच्या तुकड्याला लटकतो तो हँगर. फ्रेम वाचावी म्हणून मुद्दाम नरम ठेवलेला असतो. प्रवासात सायकलीचा खोका त्या अंगावर आदळला की पहिला मार त्यालाच. दोन-तीन मिलिमीटर आत गेला तरी चेन जागेवर बसत नाही, आणि तसाच सगळ्यात हलका गिअर टाकला तर डिरेलर थेट स्पोकमध्ये. तुम्ही रेटत न नेता थांबलात, फार बरं केलंत.

पण खोका आम्हीच भरला होता. डिरेलर खोलून, बबल रॅपमध्ये गुंडाळून फ्रेमच्या आत बांधायला हवा होता. आमच्या पोराने तो जागेवरच ठेवून वरून थर्माकोल लावला. शिवाय हँगर प्रत्येक फ्रेमचा वेगळा, परगावी मिळेलच असं नाही. एक जादा सोबत द्यायचा, तोही दिला नाही. चूक आमची. पॅकिंगचे बाराशे आणि हँगर सरळ करायला तिकडे गेलेले पैसे, दोन्ही परत करतो. पावती नसली तरी चालेल.

पॅडलचं असं की डाव्या बाजूचे आटे उलटे असतात. नेहमीसारखं सोडवायला गेलं की ते अजून आवळतं. हे तुम्हाला सांगितलं होतं का, असं पोराला विचारलं तर मान खाली.

कॅसेट मात्र "गळ्यात मारली" हे मान्य नाही. तुमच्या सायकलला पुढे ३४ दाते, मागे मोठ्यात मोठे २८. म्हणजे पॅडलच्या एका फेरीत चाक सव्वा वेळा फिरणार, सायकल अडीच मीटर पुढे. मागे ३४ लावले की एका फेरीला एकच चक्कर, साधारण दोन मीटर दहा सेंटीमीटर. नाशिकच्या गंगापूर रोडला हा फरक कळतही नाही. तुमच्या नकाशात गायोले होतं, सिएना होतं, आणि मधले पांढऱ्या खडीचे रस्ते होते. त्या चियांटी भागातल्या टेकड्या उंच नाहीत, पण चढ आखूड आणि उभे, एक संपला की दुसरा. सिएनात 'स्त्रादे बियांके' ही सायकल शर्यत ज्या गल्लीतून शेवटी वर चढते तिथे चढ १६ टक्क्यांपर्यंत जातो. त्यात खडीवर उभं राहून पॅडल मारता येत नाही, मागचं चाक जागेवरच घसरतं. बसूनच चढायचं, म्हणून हलका गिअर. जुना डिरेलर ३० दात्यांच्या पुढे जात नव्हता, म्हणून तो बदलला. कॅसेट मोठी झाली की चेनही लांब लागते. हे बिल देताना नीट समजावलं असतं तर तुम्हाला फसवल्यासारखं वाटलं नसतं, एवढं कबूल.

आणि जायच्या आधी आम्ही "नांदुरीहून गडावर दोनदा जाऊन या" म्हणालो, तो टोमणा नव्हता हो. सप्तशृंगी गडाचा तो दहाएक किलोमीटरचा चढ लागोपाठ दोन दिवस, तेही सामान लावून केला की गुडघे आणि गिअर दोन्ही काय म्हणतात ते घरच्या घरी कळतं. सायकल खोक्यात भरायच्या आधी ती चक्कर आम्हीच मारायला हवी होती. आम्ही सपाटीवर फिरवून तुमच्या ताब्यात दिली.

तुमच्या फ्रेमचा नवा हँगर मागवून काउंटरवर ठेवलाय, पैसे नकोत. सायकल घेऊन या, पण बुधवारी नको, दुकान बंद असतं.