सफरचंदाचा रस, ऑलिव्ह तेल आणि ‘पडलेले’ पित्तखडे

परळला राहणाऱ्या आमच्या आत्याला मधुमेह आहे, पित्ताशयात खडे आहेत आणि पोटात दोनदा जीवघेणी कळ येऊन गेल्यावर सर्जनने शस्त्रक्रियेची तारीखही दिली होती. ती तिने पुढे ढकलली, कारण भजनी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आलेला संदेश: पाच दिवस रोज लिटरभर सफरचंदाचा रस, सहाव्या दिवशी एप्सम सॉल्ट (जुलाब करणारे मॅग्नेशियमचे मीठ), रात्री ऑलिव्ह तेल व लिंबाचा रस, सकाळी हिरवे खडे शौचावाटे पडतात, या खड्यांनी कोणी दगावत नाही, आणि पित्ताशय काढले की पचन कायमचे बिघडते.

हे हिरवे ‘खडे’ काय असतात, याचा उलगडा ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २००५ सालीच झाला आहे. असाच उपाय केलेल्या एका ४० वर्षांच्या महिलेने पडलेले गोळे फ्रीझरमध्ये जपून न्यूझीलंडमधील डॉक्टरांकडे आणले होते. खरे पित्तखडे ज्यांचे बनतात त्या कोलेस्टेरॉल, बिलिरुबिन (पित्तातील रंगद्रव्य) किंवा कॅल्शियम यांपैकी काहीही तपासणीत त्यांत आढळले नाही. होती ती मुख्यतः मेदाम्ले, आणि ४० अंश सेल्सिअसला ते गोळे दहा मिनिटांत वितळले. ऑलिव्ह तेलातील प्रमुख मेदाम्ल, लिंबाचा रस आणि थोडे पोटॅशियम हायड्रॉक्साइड (साबण बनवण्यासाठी वापरतात तो क्षार) एकत्र करून डॉक्टरांनी तसलेच गोळे प्रयोगशाळेत बनवूनही दाखवले. थोडक्यात, पडतो तो प्यायलेल्या तेलाचाच साबण.

‘कोणी दगावत नाही’ हे वाक्य मात्र संतापजनक आहे. मूतखडा पडतो तसा हाही पडेल, असा हिशेब त्यामागे असतो; पण पित्तनलिकेत उतरलेला खडा अडकला तर कावीळ, नलिकेतील जंतुसंसर्ग किंवा स्वादुपिंडाचा दाह होतो, आणि तेल पिऊन पित्ताशय आकुंचन पावते तेव्हा खडा ढकलला जातो तो नेमका याच नलिकेकडे. क्वचित मोठा खडा सुजलेल्या पित्ताशयाची भिंत झिजवून थेट आतड्यात उतरतो, म्हणजे संदेशात म्हटल्याप्रमाणे खरोखरच ‘बाहेर’ पडतो, आणि लहान आतड्याच्या शेवटच्या अरुंद भागात अडकून आतडेच बंद करतो. अशा रुग्णाच्या एक्स-रेमध्ये पित्तनलिकांत हवा दिसू शकते, हे क्ष-किरणतज्ज्ञ लिओ रिग्लर यांनी १९४१ साली नोंदवून ठेवले आहे. हा प्रकार प्रामुख्याने वयस्कर माणसांत आढळतो. मधुमेहींच्या वाट्याला आणखी एक दुर्मीळ संकट येते: वायू तयार करणारे जंतू पित्ताशयाच्या भिंतीत शिरतात, भिंत कुजते, फाटते, आणि एवढे होऊनही दुखणे कधीकधी फसवे सौम्य राहते. अशा माणसाला रोज लिटरभर रस, म्हणजे सुमारे १०० ग्रॅम साखर, पाजायला सांगणाऱ्याने निदान साखरेचा तरी विचार करायला हवा होता.

एक गोष्ट नाइलाजाने मान्य करावी लागते. सोनोग्राफीत योगायोगाने दिसलेल्या आणि काहीच त्रास न देणाऱ्या खड्यांसाठी बहुधा शस्त्रक्रिया लागत नाही, आणि कोलेस्टेरॉलचे लहान खडे विरघळवणारे औषधही आहे, जरी त्याला कित्येक महिने लागतात आणि खडे पुन्हा होऊ शकतात. परंतु कळा येऊन गेलेली आत्या यांपैकी पहिल्या गटात बसत नाही, आणि दुसऱ्या उपायाचा संदेशात उल्लेखही नाही.

राहिले पचन. पित्त यकृत तयार करते, पित्ताशय ते फक्त साठवते. पित्ताशय काढल्यावर काही जणांना काही काळ पातळ शौचाचा त्रास होतो, पण बहुतेकांचे जेवणखाण पूर्ववत सुरू होते.