दोन किलो कमी पडले म्हणून

सिडकोतल्या माझ्या मावशीची उंची १५५ सेंमी, वजन ८२ किलो. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती याचा आकडा, ३४ च्या आसपास. शुगर जुनी, इन्सुलिन चालू, तरी आटोक्यात येत नाही. डॉक्टरांनी वजनाच्या ऑपरेशनचा विषय काढला. इन्शुरन्सवाले म्हणाले, बसत नाही, ३५ लागतो. वर एजंटचा विनोद: "मावशी, दोन-अडीच किलो वाढवून या ना!"

राग याचा आला की त्याचं गणित बरोबर होतं.

विमा कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या आयआरडीएआयच्या नियमानुसार बीएमआय ४० हवा, किंवा ३५ आणि जोडीला हृदयविकार, तीव्र स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास अडकणं), आटोक्यात न येणारा टाइप २ मधुमेह असं काहीतरी. शिवाय आधीचे उपाय फसलेले असावेत. हे ४० आणि ३५ अमेरिकेत १९९१ साली ठरले. तिथल्याच सर्जनांच्या संघटनेने २०२२ मध्ये ते ३५ आणि ३० वर आणले, आणि आशियाई लोकांसाठी २७.५ पासूनच विचार करा म्हणून सांगितलं. आपल्याला कमी वजनातच पोट सुटतं आणि शुगर लागते, हे घरोघरी दिसतंय. पॉलिसीत मात्र अजून १९९१ चालू आहे.

मग काय ज्याने त्याने पोट कापून घ्यायचं? अजिबात नाही. लग्न ठरलंय म्हणून दहा किलो उतरवायला आलेल्याला सर्जनने दारातूनच परत पाठवावं. स्लीव्ह नावाच्या वजनाच्या ऑपरेशनमध्ये जठराचा तीन-चतुर्थांशाहून जास्त भाग कायमचा काढतात. पुढे बी-१२, लोह, कॅल्शियम जन्मभर. फार ॲसिडिटी असेल तर स्लीव्हने ती वाढूही शकते. म्हणून आधी थायरॉईड, एंडोस्कोपी आणि समुपदेशक बाईंशी बोलणं. त्यांनी मावशीला विचारलं: रात्री उठून खाता का? उदास वाटलं की खाता का? घरी स्वयंपाक कोण करतं, आणि कुणाच्या आवडीचा? एवढं तर आम्ही घरच्यांनीही कधी विचारलं नव्हतं. मामांचा निकाल तयारच: "तोंड आवर, झालं." हेच मामा दर रविवारी सगळ्यांना गंगापूर रोडला मिसळीला नेतात, वर जिलेबीचा आग्रह करतात.

माझं म्हणणं एवढंच, की ऑपरेशनला कोण बसतं हे आजार बघून डॉक्टरांनी ठरवावं. आयआरडीएआयने ते आकडे बदलावेत. तोवर ज्यांच्या घरी हा विषय चालू असेल त्यांनी डाएटिशियनचे कागद, शुगरचे जुने रिपोर्ट, स्लीप स्टडी सगळं फाईलला लावून ठेवा. "आधी काय काय करून पाहिलं" याचा पुरावा मागतातच. मावशीचे निम्मे कागद दिवाळीच्या साफसफाईत रद्दीत गेलेत.