गो-वेन्ट-गॉन तोंडपाठ, तरी ‘डिड यू वेन्ट’?

शाळा सुरू झाल्या की पालकांच्या ग्रुपांवर एक मेसेज हमखास उगवतो. यंदाही मालवण-देवगडकडच्या बऱ्याच जणांनी तो मला पाठवला. म्हणणं थोडक्यात असं: क्रियापद म्हणजे क्रिया दाखवणारा शब्द, एवढं मुलाला सांगा. रोज दहा क्रियापदांची तीन रूपं पाठ करून घ्या. बारा काळांचा तक्ता भिंतीला लावा. वाक्यात ‘आहे’ दिसलं की इज-ॲम-आर. घरात मराठी बंद. वर्षभरात पोर फाडफाड इंग्रजी बोलेल.

सगळा भर तीन रूपांवर आहे, म्हणून आधी तेच घेते. रोज दहा म्हणजे वर्षाला साडेतीन हजारांवर क्रियापदं. इंग्रजीत अनियमित क्रियापदं आहेत सुमारे दोनशे. उरलेल्यांना शेवटी ‘ईडी’ लागतं, ती पाठ कशाला करायची? १९५८ साली भाषाशास्त्रज्ञ जीन बर्को यांनी लहान मुलांना ‘रिक’ हे चक्क बनवलेलं क्रियापद ऐकवलं आणि काल त्या माणसाने काय केलं, असं विचारलं. मुलं ‘रिक्ट’ म्हणाली. कधीही न ऐकलेल्या शब्दाचं रूप मुलं नियमाने करतात. शिकवायचा तो उच्चार. ईडी लिहायला एकच, पण ‘पुल्ड’मध्ये ड ऐकू येतो, ‘वॉश्ट’मध्ये ट आणि ‘लँडेड’मध्ये इड. कागदावरून पाठ केलेली मुलं ‘वॉशेड’, ‘पुलेड’ म्हणतात आणि घरी कुणी टोकत नाही.

दोनशेपैकी रोजच्या वापरातली पाठ हवीतच, त्यात दुमत नाही. बी, हॅव, डू, से, गो, मेक, टेक, कम, सी, गेट ही सर्वांत जास्त वापरली जाणारी क्रियापदं, आणि त्यातलं एकही सरळ नाही. पण ती एबीसीडीच्या क्रमाने कशाला? नादाने लावा: सिंग-सँग-संग, रिंग-रँग-रंग, ब्रिंग-ब्रॉट, थिंक-थॉट, कॅच-कॉट, आणि कट, पुट, शट, हिट ही न बदलणारी.

खरं दुखणं याच्या पुढे आहे. गो-वेन्ट-गॉन घडाघडा म्हणणारा सहावीतला मुलगा विचारतो, “डिड यू वेन्ट टू द बीच?” रूपं चोख पाठ आहेत, म्हणूनच तर वेन्ट आलं! मराठीत ‘तू गेलास का?’ म्हणताना भूतकाळ ‘गेलास’मध्येच राहतो, ‘का’ फक्त प्रश्नापुरता. इंग्रजीत प्रश्न किंवा नकार आला की मदतीला डू येतं, काळ स्वतःकडे घेतं आणि मुख्य क्रियापद मूळ रूपावर येतं. डिड यू गो? आय डिडन्ट गो. ‘शी डझन्ट गोज’ ही चूक याच घराण्यातली. तीन रूपांच्या यादीत हे कुठेच दिसत नाही.

मी हे रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढायच्या मोठ्या जाळ्यावर, शिकवते. किनाऱ्यावर रापण ओढताना पाहिली नाही असं मूल आमच्याकडे मिळायचं नाही. वाक्य घेते: दे पुल्ड द नेट. एका मुलाच्या हातात ‘दे’चा पुठ्ठा, एकाच्या ‘पुल’चा, एकाच्या ‘द नेट’चा आणि पुलला चिकटून ‘ईडी’वाला. आता प्रश्न करा म्हटलं की ‘डू’वाली मुलगी सगळ्यांच्या पुढे येऊन उभी राहते. ईडीवाला पुलला सोडून तिच्याकडे जातो आणि दोघांचं मिळून ‘डिड’ होतं. मागून कोणीतरी ओरडतंच, “बाई, ईडी गेलो!” त्यानंतर ‘डिड यू वेन्ट’ बरंच कमी होतं.

‘आहे दिसलं की इज’ हा तर सगळ्यांत घातक सल्ला. ‘माझ्याकडे होडी आहे’ म्हणजे आय हॅव अ बोट. ‘होडी गेली आहे’ म्हणजे द बोट हॅज गॉन. ‘मला माहीत आहे’ म्हणजे नुसतं आय नो. पण या सल्ल्यामुळे दर वर्षी वह्यांत ‘आय ॲम नो’ सापडतं. उलट बाजूही बघा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद, हे इथल्या पोरांना पाढ्यासारखं ठाऊक. ‘जूनमध्ये होड्या किनाऱ्यावर असतात’ यात ‘आहे’ औषधालाही नाही, तरी इंग्रजीत आर येतंच. ‘असतात’ आणि ‘आहेत’ दोन्हींसाठी आर. मात्र ‘ओढतात’ला दे पुल आणि ‘ओढत आहेत’ला दे आर पुलिंग.

क्रिया दाखवणारा शब्द म्हणजे क्रियापद? ‘द नेट बिलाँग्ज टू माय अंकल’ यात कोण काय करतंय? आणि ‘स्विमिंग इज ईझी’ यात पोहण्याची क्रिया आहे, पण क्रियापद इज. मराठी व्याकरण मुलांना वाक्याचा अर्थ पूर्ण करणारा शब्द शोधायला सांगतं, आणि ‘पोहताना’, ‘पोहून’ यांना धातुसाधित, म्हणजे क्रियापदापासून बनलेले पण वाक्य पूर्ण न करणारे शब्द, म्हणून बाजूला काढतं. ही नजर इंग्रजीतही कामी येते. (केशवसुतांमुळे मालगुंड सगळ्यांना माहीत आहे. १९११ सालचं ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ लिहिणारे मोरो केशव दामले त्यांचेच धाकटे भाऊ, हे मात्र आपल्याकडेही फार जणांना ठाऊक नसतं.)

बारा काळांच्या तक्त्याबद्दल एवढंच: ‘विल हॅव बीन पुलिंग’ पाचवीतल्या मुलाला कुठे लागणार आहे? शिवाय त्यातले मराठी-इंग्रजी रकाने जुळतही नाहीत. आपला रीती वर्तमानकाळ, ‘ओढत असतात’, इंग्रजीत बहुतेक वेळा साध्या वर्तमानकाळातच जातो.

राहिलं घरात मराठी बंद करणं. २००० सालापासून राज्यात पहिलीपासून इंग्रजी आहे, त्यासाठी घर गप्प करायची गरज नाही. ज्यांना स्वतःला इंग्रजी येत नाही, त्यांनी संध्याकाळी मुलाला एवढंच विचारावं: काल रापणीला काय मिळालं, रोज काय मिळतं, आत्ता किनाऱ्यावर काय चाललंय? उत्तर मालवणीत आलं तरी चालेल. त्याची इंग्रजी वाक्यं मी वर्गात करून घेईन.