झाकली मूठ आणि लोहचुंबक

मागच्या डाव्या चाकाच्या कमानीवर, रंगाच्या खाली, शर्टाच्या बटणाएवढा एक फुगवटा आला होता. तो मी अंगठ्याने दाबला नसता, तर माझे पुढचे चौदा महिने सुखात गेले असते.

गाडी माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी आहे. ती घेतली तेव्हा 'बॉडी एकदम ओरिजिनल आहे' असे मला सांगण्यात आले होते आणि मीही ते वाक्य येणाऱ्याजाणाऱ्याला अभिमानाने ऐकवत असे. अंगठा दाबताच कुरकुर असा आवाज झाला, रंगाची खपली निघाली आणि तिच्याखाली तांबूस भुकटी दिसली. लोखंडाचा गंज होताना तो मूळ धातूच्या दुपटीहून अधिक जागा व्यापतो, त्यामुळे त्याला रंग उचलून वर यावेच लागते, हे मी नंतर वाचले. रंगावर फुगवटा दिसतो तो दिवस गंजाचा पहिला दिवस नसतो. पत्रा आतून खाऊन झाल्यावर त्याने बाहेर डोकावून पाहण्याचा तो दिवस असतो.

त्या दिवशी माझा शाळकरी भाचा घरी आला होता. त्याने फ्रिजच्या दारावरचा लोहचुंबक काढून आणला आणि गाडीवरून फिरवायला सुरुवात केली. टपावर चुंबक चिकटला, बोनेटवर चिकटला, मागच्या कमानीपाशी येताच हातातून सुटून खाली पडला. "मामा, तुमची गाडी इथे लोखंडाची नाहीये," तो म्हणाला. त्याने दाराचा खालचा भाग तपासला, दाराखालची पट्टी तपासली आणि प्रत्येक ठिकाणचा निकाल मोठ्याने जाहीर केला. बायको स्वयंपाकघराच्या खिडकीतून ऐकत होती. "अहो, मग ओरिजिनल काय आहे?" एवढेच तिने विचारले.

मी ग्राइंडरला तारेचा ब्रश लावला आणि कमानीवरचा रंग काढला. रंगाखाली निघाली पुट्टी. पुट्टी ही पत्र्यावरची बारीकसारीक उंचसखलता भरून काढण्यासाठी असते आणि तिचा थर दोनतीन मिलिमीटरपेक्षा जाड नसावा, असा संकेत आहे. इथला थर माझ्या करंगळीएवढा होता. पुट्टीखाली तारेची जाळी होती आणि जाळीमागे, पुट्टी आत पडू नये म्हणून, वर्तमानपत्राचा बोळा कोंबलेला होता. तो मी उलगडला. त्यावर एक शब्दकोडे होते आणि ते निम्मेच सोडवलेले होते. ज्या माणसाला आडवे शब्द संपवून उभ्यांकडे वळण्याइतकीही चिकाटी नव्हती, त्याने माझ्या गाडीचा पत्रा दुरुस्त केला होता. या अज्ञात पूर्वसूरीला त्या आठवड्यात मी जी विशेषणे बहाल केली, ती इथे देता येणार नाहीत.

गंज नेमका तिथेच का धरतो, हे कळल्यावर मात्र मला त्याच्या चिकित्सक वृत्तीचे कौतुक वाटले. चाक जो चिखल उडवते तो कमानीच्या आतल्या दुमडीत जाऊन बसतो आणि वरून सगळे वाळले तरी आत दिवसचे दिवस ओला राहतो. दाराच्या तळाशी पाणी निघून जाण्यासाठी बारीक भोके ठेवलेली असतात. ती धुळीने बुजली की काचेवरून आत उतरलेले पाणी तिथेच मुक्काम करते. म्हणजे बाहेरून पॉलिश करकरून मी ज्या गाडीची निगा राखत होतो, ती आतून स्वतःच्याच पाण्यात उभी होती.

न गंजणाऱ्या गाड्या कुणी बनवल्याच नाहीत काय, या प्रश्नाने मी काही रात्री जागवल्या. १९४८ साली पहिली लँड रोव्हर आली तेव्हा युद्धानंतर पोलादाची टंचाई होती, म्हणून तिचे बरेचसे बाह्यांग ॲल्युमिनियमचे केले गेले. चासी, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, मात्र पोलादाची, आणि ती गंजते. १९८१ साली उत्पादन सुरू झालेल्या डिलोरियनचा बाहेरचा पत्रा स्टेनलेस स्टीलचा होता. तिचीही चासी साध्या पोलादाची, आणि तीही गंजते. गंजाला ओसरीवर घेतले नाही तर तो माजघरातून येतो. हे वाचून मला फार बरे वाटले आणि मी शांत झोपलो.

बॅटरी सोडवली, पेट्रोलची टाकी उतरवली, कारण ठिणग्या आणि पेट्रोलची वाफ यांचे एकमेकांशी काय नाते आहे हे प्रयोगाने शिकण्याची माझी इच्छा नव्हती. काचांवर जाड गोधड्या टाकल्या. ग्राइंडरची ठिणगी काचेत रुतली की तो ठिपका कायमचा राहतो. बंपर, क्रोमच्या पट्ट्या, दिवे असे सगळे अलंकार उतरल्यावर गाडी लंकेची पार्वती दिसू लागली. मग कापाकापी. नियम सोपा आहे : चांगला पत्रा लागेपर्यंत कापत जायचे. त्या नियमाने मी बटणाएवढ्या फुगवट्यापासून निघालो आणि संध्याकाळी हातभर लांबीच्या खिडकीतून डिकीतले स्टेपनीचे चाक पाहत उभा राहिलो.

शेजारचे काका कुंपणापलीकडून लक्ष ठेवून होते. उंटावरून शेळ्या हाकणारा माणूस निदान उंटावर तरी बसलेला असतो. काका खुर्चीवर बसत. "सगळा पत्राच बदलून टाका की," हा त्यांचा सल्ला मी कुठल्याही टप्प्यावर असलो तरी बदलला नाही.

पुठ्ठ्याचा नमुना कापून त्यावरून नवा पत्रा बेतला, हातोडी आणि डॉलीने (पत्र्यामागे धरायच्या लोखंडी ठोकळ्याने) ठोकून त्याला कमानीचा बाक दिला, इथवर मी खूश होतो. वेल्डिंगने माझा गर्व उतरवला. गाडीचा पत्रा जेमतेम ०.८ मिलिमीटरचा असतो. हात क्षणभर जास्त थांबला की तिथे भोक पडते. ते बुजवायला जावे तर त्याची कड वितळून भोक दुप्पट होते. शिवाय सलग टाका घातला की उष्णतेने पत्रा वेडावाकडा होतो, म्हणून एक टिपका या टोकाला, दुसरा त्या टोकाला, मध्ये पत्रा निवेपर्यंत स्वस्थ बसायचे, अशी रीत आहे. मला सगळे जमले, स्वस्थ बसणे जमले नाही. शेवटचे चार टिपके मी ओळीने ठोकले आणि आठवडाभर घडवलेली कमान डोळ्यांदेखत भिजलेल्या पुठ्ठ्यासारखी लाटालाटांची झाली. ती लाट सपाट करायला तीन रविवार लागले आणि तरीही जे उरले ते झाकायला अखेर पुट्टीच आणावी लागली.

पुट्टीत ती घट्ट करणारा हार्डनर साधारण दोन टक्के मिसळायचा असतो. दोन टक्के हे कागदावर स्पष्ट असते. पत्र्याच्या तुकड्यावर कालवताना तो निव्वळ श्रद्धेचा विषय होतो. पहिला घाणा मी कमानीपर्यंत नेण्याआधीच दगड झाला आणि त्यात पुट्टी लावायची पात उभी राहिली. ती ओढून निघेना, तेव्हा भाच्याने तिला 'स्मारक' असे नाव दिले. दुसऱ्या घाण्यात मी हात आखडला. तो दुसऱ्या दिवशीही बोटाला चिकटत होता आणि सगळा खरवडून काढावा लागला. तिसरा जमला. मग घासकाम सुरू झाले : आधी ८० नंबरचा पॉलिश पेपर, मग १८०, मग ३२०. घासून झाले असे वाटले की वर काळ्या रंगाचा हलका फवारा मारायचा आणि पुन्हा लाकडी ठोकळ्याने घासायचे. खड्डा असेल तिथे काळे तसेच राहते. माझ्या कमानीवर दर वेळी एका अनोळखी द्वीपसमूहाचा नकाशा उमटे. डोळ्यांना दिसत नाही ते तळहाताला कळते, म्हणून मी डोळे मिटून गाडीवरून हात फिरवत बसे. "इतक्या मायेने माझ्या दुखऱ्या खांद्यावरून कधी हात फिरला नाही," असे बायको म्हणाली. खांद्याला उंचसखलपणा नाही, हे माझे उत्तर तिला आवडले नाही.

रंगाविषयी थोडक्यात सांगतो, कारण ती आठवण अजून ओली आहे. हार्डनर घालून मारायच्या रंगात आयसोसायनेट असते आणि ते फुफ्फुसांना घातक असल्यामुळे बाहेरून शुद्ध हवा पुरवणाऱ्या मास्कशिवाय त्याला हात लावू नये. म्हणून मी जुन्या पद्धतीचा, नुसता थिनर घालून मारायचा रंग घेतला. धूळ बसावी म्हणून जमिनीवर पाणी शिंपडले. धूळ बसली, एक चिलटही बसले, नेमके दाराच्या मध्यभागी. ते वाळल्यावर घासून काढताना दाराच्या कडेचा रंग पार प्राइमरपर्यंत उडाला. डब्यावरचा रंगाचा क्रमांक बरोबर होता, पण गाडीवरचा रंग इतक्या वर्षांच्या उन्हाने विटलेला होता, त्यामुळे एका कमानीसाठी अख्खी डावी बाजू रंगवली. आता गाडी उजवीकडून पाहिली तर जुनी आणि डावीकडून पाहिली तर दुसऱ्याची वाटते.

काम संपल्याची बातमी ऐकून भाचा आला. येताना त्याने स्वतःचा चुंबक आणला होता, आधीच्यापेक्षा मोठा. टपावर चिकटला, बोनेटवर चिकटला, नव्या कमानीवरही खट्‌कन चिकटला, तेव्हा काकांनी खुर्चीवरून मान डोलावली. मग तो गुडघ्यांवर बसला आणि दाराखालच्या पट्टीवरून चुंबक सरकवू लागला. मागच्या कोपऱ्याशी येताच चुंबक घरंगळून खाली पडला. "मामा?" त्याने वर पाहिले.

तेराव्या महिन्यातली एक रात्र मला आठवली. वेल्डिंगची तार संपलेली होती, भोक फक्त रुपयाएवढे होते आणि कंबर सरळ होत नव्हती. त्या कोपऱ्यात पुट्टी आहे आणि पुट्टीमागे वर्तमानपत्राचा बोळा आहे, हे मी त्याच्यापाशी कबूल केले. पण त्यातले शब्दकोडे मी आडवे आणि उभे, सगळे सोडवलेले आहे.